सोलापूर जिल्ह्यातला गावगाड्याचा इतिहास हौसेनं शोधणाऱ्यांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सहा-सात जण आहोत, एक बँकेत, एक पॉवरलूमवाला, दोन शिक्षक, बाकी असेच. रविवारी डबा बांधून गाड्या काढायच्या आणि सोलापूर जिल्ह्यातलं एखादं गाव बघून यायचं एवढाच उद्योग. पण व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात आणि प्रत्येकाला वेगळं टाईप करून हात दुखतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. आधी हे वाचा, मग मेसेज करा.

१. मी कॉमर्सवाला, इतिहास दहावीनंतर सोडला. मला हे जमेल का?

जमेल की. सोलापूरचे आनंद कुंभार कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते, पण गावोगाव हिंडून त्यांनी जिल्ह्यातले शिलालेख हुडकले आणि श्रीनिवास रित्तींबरोबर त्यांचं अख्खं पुस्तक केलं, आज मोठमोठे अभ्यासक ते पुस्तक उघडतात. डिग्री लागत नाही, पण वही लागते. आणि आपल्याला जे कळत नाही ते "कळत नाही" असं त्याच वहीत लिहायची सवय लागते, ही सवय लागायला मला चार वर्षं लागली.

२. सुरुवात कुठून करू? भुईकोट किल्ल्यापासून?

किल्ला बघा, पण अभ्यास स्वतःच्या गावापासून किंवा पेठेपासून सुरू करा. किल्ल्यावर आधीच बरंच लिहिलं गेलंय, तुमच्या गावच्या वेशीवर कुणीच लिहिलेलं नसतं. आधी १८८४ चं सोलापूर गॅझेटियर उघडा, इंग्रजीत आहे, नेटवर फुकट मिळतं. त्यात तालुकावार गावांची माहिती आहे. गॅझेटियर म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे हं, साहेबांनी अनेक ठिकाणी स्थानिक कारकुनानं सांगितलं तेच लिहून घेतलंय. पण तेव्हा जे उभं होतं आणि आता नाही त्याचा पत्ता तिथं लागतो. मग कुंभार-रित्ती यांच्या पुस्तकात आपलं गाव आहे का बघा. मग गावात जा. हा क्रम उलटा केला तर तीन रविवार वाया जातात, आमचे गेलेत.

३. सोळा गावं मिळून सोलापूर झालं हे खरं का?

लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकलंय, पण लेखांत तसं दिसत नाही. बाराव्या शतकात, सिद्धरामेश्वरांच्या काळात, गावाचं नाव सोन्नलगे. यादव बुडाल्यानंतरचा, शके १२३८ म्हणजे इसवी सन १३१६ चा एक संस्कृत लेख मोहोळ तालुक्यात कामतीला आहे, त्यात सोनलीपूर येतं. किल्ल्यातल्या लेखांत सोनलपूर आणि संदलपूर. म्हणजे सोन्नलगे, सोनलपूर, सोलापूर अशी वाट दिसते. सोळा गावांची यादीसुद्धा सांगितली जाते, पण त्यात अहमदपूर, फतेहपूर असली नावं आहेत, ती सोन्नलगेच्या कितीतरी नंतरची. गोष्ट म्हणून ऐका, पुरावा म्हणून नको.

४. गावात जुनं काय आहे हे ओळखायचं कसं? आमच्या गावात काहीच नाही.

असं म्हणणाऱ्या प्रत्येक गावात आम्हाला काहीतरी मिळालंय. पहिला प्रश्न विचारायचा: "पांढर कुठं आहे?" आपल्याकडं काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे वस्ती. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली की पडलेल्या भिंती, राख, शेण, उकिरडा यानं तिथली माती पांढुरकी राखाडी होते आणि टेकाड चढतं. जुन्या वस्तीची जागा हुडकायला यापेक्षा सोपी खूण नाही आणि ती आपल्या भाषेतच आहे.

दुसरा प्रश्न: "माळवदावर माती कुठनं आणायचा?" धाब्याच्या घरावर पांढरी माती टाकतात, पाणी मुरू नये म्हणून, आणि ती माती पिढ्यान्‌पिढ्या गढीतनं नाहीतर या टेकाडातनंच उकरून आणलेली असते. एका आजोबांनी आम्हाला घराच्या छपरावर नेलं, तिथं मातीत बोटभर खापराचे तुकडे, एक फुटका मणी आणि शंखाच्या बांगडीचा तुकडा. म्हणजे गावची जुनी वस्ती निम्मी लोकांच्या डोक्यावर. आमच्यातला एक जण अजून सांगतो की तो त्या दिवसापासून या नादाला लागला.

बाकी मारुतीच्या पाराखाली, वेशीत, विहिरीच्या काठाला लावलेले कोरीव दगड बघायचे. त्यासाठी पुढचा प्रश्न बघा.

५. मारुतीच्या देवळाजवळ लढाईचं चित्र असलेला दगड आहे, तो काय असतो?

वीरगळ. लढाईत किंवा गावची गुरं सोडवताना मेलेल्या माणसाचं स्मारक. खालनं वर वाचायचा: खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, कधी बाजूला गाई, त्याच्यावर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि टोकाला कलश, चंद्र-सूर्य. चौकटी कमीजास्त असतात. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर सतीशिळा. गाढव आणि बाई असं दृश्य असेल तर गधेगाळ, ते स्मारक नव्हे, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी आहे, त्याच्यावर लेख असण्याची शक्यता जास्त म्हणून तो दगड नीट बघा. गावात सांगताना जरा जपून, आम्ही एकदा बायामाणसांसमोर अर्थ सांगायला गेलो आणि निम्म्यात थांबलो.

६. आमचं देऊळ हेमाडपंती आहे, म्हणजे किती वर्षं जुनं?

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, यादवांचा प्रधान, तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. पण आपल्याकडं चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं दिसलं की सगळं हेमाडपंती. सोलापूरचा मुलूख यादवांच्या आधी कल्याणीच्या चालुक्यांकडं आणि मधे कलचुरींकडं होता, मंगळवेढा तर कलचुरींची राजधानी. त्यामुळं तुमचं देऊळ हेमाद्रीच्या जन्माच्या दोनशे वर्षं आधीचं असू शकतं. आणि उलटंही होतं, जुने खांब उचलून नंतर बांधलेलं देऊळ. खांब एका मापाचे नसतील, एखादा उलटा बसला असेल, तर संशय घ्या. वहीत "हेमाडपंती" लिहू नका, खांब कसा, छत कसं, गणेशपट्टी (दाराच्या चौकटीवर मधोमध कोरलेला गणपती) आहे का, ते लिहा.

७. शिलालेख सापडलाय, फोटो पाठवलाय, वाचून सांगता का?

दुपारी बाराला, समोरनं, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत ब्रह्मदेवालापण काही दिसणार नाही. अंधार पडल्यावर जा. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं धरा, म्हणजे उजेड अक्षरांवरनं घासत गेला पाहिजे. दुपारी सपाट दिसणाऱ्या दगडावर अक्षरं अशी उठून येतात की पहिल्यांदा अंगावर काटा येतो. डावीकडनं एक फोटो, उजवीकडनं एक, वरनं एक, मग ओळी-ओळीचे जवळनं. शेजारी पट्टी ठेवा, पट्टी नसेल तर पेन. फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की त्याची पार वाट लागते आणि लोकेशनची माहितीही निघून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

अक्षरं जिलबीसारखी गोल असतील तर हळे कन्नड, म्हणजे जुनी कानडी, समजा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा इकडं असे लेख भरपूर. "आमच्या गावात कानडी कसं काय" म्हणून हिरमुसू नका, आठशे वर्षांपूर्वी इथं तीच राजभाषा होती.

८. अक्षरं दिसण्यासाठी खडू, पीठ, तेल, गुलाल काही लावलं तर?

नको. खडूनं तुम्हाला वाटतं तीच अक्षरं तुम्ही रंगवता आणि पुढचा माणूस तुमची चूक वाचतो. तेल दगडात मुरतं. ऑइल पेंट तर बोलायलाच नको. ठसा घ्यायची रीत वेगळी आहे, ओला कागद दगडावर ब्रशनं ठोकून बसवायचा आणि वरनं शाई टिपायची, ते शिकलेल्या माणसासोबतच करा. नुसत्या हातांनीसुद्धा किती झिजतं बघायचं असेल तर पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख बघा. रामदेवराव यादवाच्या काळातला, १२७३ ते १२७७ मधल्या देणग्यांची यादी आहे, पण पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनी चुकतात या श्रद्धेनं अक्षरं गुळगुळीत झाली.

९. पहिला मराठी शिलालेख आपल्या कुडलचाच ना?

हत्तरसंग कुडल, भीमा-सीना संगम, संगमेश्वराच्या देवळात तुळईवर, शके ९४० म्हणजे १०१८. "वाछि तो विजेया होईवा", वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्याला शुभेच्छा देऊन गेलाय, यापेक्षा भारी काय पाहिजे. पण "पहिला" म्हणताना थोडं थांबा. अलिबागजवळ आक्षीचा लेख शके ९३४ चा धरला जातो, त्या आकड्याच्या वाचनावर मतभेद आहेत. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी ओळीच्या काळावरही वाद आहेच. आम्ही "सर्वांत जुन्या तारीखवार मराठी लेखांपैकी एक" म्हणतो, भांडण टळतं आणि मान कमी होत नाही. तिथं गेलात तर शेजारच्या हरिहरेश्वर देवळातलं बहुमुखी लिंग बघितल्याशिवाय परत येऊ नका.

१०. शेतात नांगरताना नाणी / मूर्ती निघाली. पोलीस त्रास देतील का?

सांगितलं तर सहसा नाही, लपवलं तर देतील. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये हा आकडा तेव्हाचा, म्हणजे आज जवळजवळ सगळंच आलं. गावपातळीवर तलाठ्याकडं किंवा तहसीलला अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच विसरू नका. कायद्यात सापडवणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद आहे, त्यामुळं "सरकार सगळं नेतंय" या भीतीनं सोनाराकडं पळू नका.

तोवर काय करायचं: नांगर थांबवा, जागेवर खुंटी ठोका, फोटो काढा, किती खोल निघालं ते लिहा. नाणी घासू नका. पितांबरी, चिंच, लिंबू, राख काहीही नको, अक्षरं घासून जातात आणि मग चकचकीत तांब्याचा तुकडा उरतो. साधी शिवराई असली तरी हाच नियम.

११. मग थोडं खणून बघितलं तर? मेटल डिटेक्टर ऑनलाईन मिळतोय.

नाही. उत्खननाला परवाना लागतो, संरक्षित जागेत बेकायदा खणणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी: खणणं म्हणजे पुस्तक वाचताना पान फाडत जाणं, परत लावता येत नाही. डिटेक्टरवाला माणूस नाणं काढून नेतो आणि ते कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं ते कायमचं जातं. ग्रुपमध्ये कुणी डिटेक्टर घेऊन आला तर आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

१२. वरवर पडलेली खापरं उचलली तर चालतात का?

संरक्षित स्मारकाच्या हद्दीत एक खडाही उचलू नका. बाकी शेतात मालकाला विचारून बघा, फोटो काढा, मोजा, तिथंच ठेवा. घरी पिशवीभर खापरं नेणाऱ्यांच्या पिशव्या पुढं दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांच्या हातनं बाहेर जातात, सगळ्यांच्या बाबतीत हे झालंय. काठाचे आणि बुडाचे तुकडे जास्त बोलतात, मधल्या तुकड्यावरनं फार कळत नाही.

१३. मूर्ती बांधावर उन्हापावसात पडली आहे, उचलून देवळात ठेवू का?

ही माझीच चूक सांगतो. सुरुवातीला मी एक हातभर उंचीची भंगलेली मूर्ती बांधावरनं उचलून गावच्या देवळात नेऊन ठेवली, पुण्य केल्यासारखं वाटलं, नोंद काहीच केली नाही. नंतर कळलं की त्या बांधाच्या रांगेत अजून दोन चौथऱ्यांचे दगड आहेत, म्हणजे तिथं बहुतेक देऊळच होतं. आता माझी मूर्ती कुठल्या दगडावरची हे कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. ज्यांच्या बांधावर होती ते गृहस्थ वारले.

म्हणून आधी नोंद, मग गाव आणि पुरातत्त्व खात्याला कळवणं, मग काय ते. चोरीची खरीच भीती असेल तर ग्रामपंचायतीला लिहून द्या. घरात जुन्या मूर्ती, ताम्रपट असतील तर तो वेगळा विषय: १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष होते, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं. मूर्ती-हस्तलिखितांची नोंदणी करावी लागते, देशाबाहेर नेता येत नाही.

१४. घरात मोडी कागदांचं गाठोडं आहे. काय करू?

उन्हात वाळवू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. सुती कापडात, कोरड्या जागी. ज्या क्रमानं बांधलेत तो क्रम मोडू नका, त्या क्रमालाही अर्थ असतो. प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो. मग मोडी शिका, तीन महिन्यांत अक्षर ओळख होते, घसट अक्षर वाचायला दोन वर्षं. पुण्याचं पुरालेखागार म्हणजे पेशवे दफ्तर आणि १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ ही पुढची ठिकाणं, पण आधी घरचं वाचा.

१५. कागदावर "सन" लिहिलंय पण साल जुळत नाही.

इथंच सगळे आपटतात. शक असेल तर ७८ मिळवा. फसली, म्हणजे महसुलाचं साल, असेल तर ५९० किंवा ५९१. सुहूर सन, म्हणजे मराठ्यांच्या दप्तरातलं साल, असेल तर ५९९ किंवा ६००, आणि तो बहुतेक अरबी शब्दांत लिहितात. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, खमस ५, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे ११६१, त्यात ५९९ मिळवले की १७६०, आणि हे साल मृगाला सुरू होऊन पुढच्या मृगापर्यंत चालतं, म्हणून पानिपतची जानेवारी १७६१ ची लढाई याच सालात बसते. हा हिशोब पाठ करून ठेवा, ताळा करायला बरा. हिजरी मात्र चांद्र, तिथं नुसती बेरीज चालत नाही, तक्ता लागतो.

आमच्यातल्या एकानं फसली १२५० ला शक समजून एका वाड्याचं वय पाचशे वर्षांनी वाढवलं. मालकांनी तसा बोर्डही लावला. १८४० चा वाडा आहे हे सांगायला परत जायचं धाडस अजून कुणाचं झालं नाही.

१६. सरकारी कागद कुठले बघू? आणि कुणबी नोंद शोधून द्याल का?

दुसऱ्याचं आधी: नाही, आम्ही शोधून देत नाही. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, आणि शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघा, पहिल्यासाठी तहसीलला आणि दुसऱ्यासाठी शाळेत तुमचा तुम्ही अर्ज करा.

पहिल्याचं: जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी), टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा), आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याचा तक्ता) आणि गाव नकाशा. आजचा गट नंबर घेऊन जुन्या कागदात गेलात तर काही सापडणार नाही, जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर बदललेत, आधी जुना नंबर काढा. आणि शेतांची नावं लिहून घ्या: देवाचा माळ, मशिदीची पट्टी, महारकी, जोशाचं इनाम. कधी कधी देऊळ जाऊन तीनशे वर्षं झालेली असतात पण शेताच्या नावात ते उभं असतं. घराण्याचं हवं असेल तर हेळवी येतात का विचारा, त्यांच्याकडं पिढ्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात, नाहीतर पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या.

१७. मिल कामगार आजोबांची मुलाखत घ्यायचीय, काय विचारू?

"तुमच्या काळात कसं होतं" असं विचारू नका, "लई चांगलं होतं" एवढंच उत्तर येतं. कुठलं खातं, कुठली पाळी, भोंगा झाला की घरातनं किती मिनिटांत निघायचात, डबा कोण आणायचं, असं विचारा. साल आठवत नाही, म्हणून खुंट्या वापरा: मार्शल लॉ (मे १९३०) वडिलांनी बघितला का, बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपाआधी (३० सप्टेंबर १९९३) की नंतर. चार हुतात्म्यांच्या आठवणी घराघरात सांगतात, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली तेव्हाचं प्रत्यक्ष बघणारं आता कुणी नाही, म्हणून "हे तुम्ही बघितलं की ऐकलं" हे दरवेळी नोंदवा. तेलुगू बोलणाऱ्या आजी असतील तर त्यांच्याच भाषेत बोलू द्या, नात बसवा शेजारी. आणि रेकॉर्डिंग करताना पंखा बंद. उन्हाळ्यात अवघड जातं, पण बंद.

१८. कुठल्या महिन्यात फिरावं?

मार्च ते मे. शाळू उभा असला की माणूस दिसत नाही, खापर काय दिसणार, आणि पावसाळ्यात काळ्या रानात बूट तिथंच राहतो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं, पळसदेवसारखी बुडालेली देवळं वर येतात. पहिला मोठा पाऊस झाला की लगेचच्या रविवारी मात्र पांढरीवर जाच, खापरं धुऊन निघालेली असतात. हुरड्याच्या दिवसात आम्हीही फिरतो, पण त्याला संशोधन म्हणत नाही.

१९. गावात लोक संशय घेतात, गुप्तधन शोधायला आलात म्हणतात.

"काय शोधायलाव ओ?" हा प्रश्न ठरलेला. आधी सरपंच, पोलीस पाटील किंवा देवळाच्या पुजाऱ्याला भेटा, मग दगडांना. रात्री टॉर्च घेऊन जायचं असेल (प्रश्न ७) तर गावातलं एक माणूस सोबत पाहिजेच. एका गावात आम्हाला तासभर बसवून ठेवलं होतं, शेवटी त्यांच्याच वीरगळाची गोष्ट सांगितली तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली.

२०. सापडलेल्या जागेचं लोकेशन फेसबुकवर टाकू का?

गावाचं नाव टाका, नेमका पिन नको, उघड्यावरच्या मूर्तीचा तर मुळीच नको. स्वतःच्या वहीत मात्र अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच आकड्यांपर्यंत लिहा, पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर. मोबाईल तेवढा अचूक नसतो, म्हणून "वेशीपासून पूर्वेला ४० पावलं, लिंबाखाली" हेही लिहा. लिंब तोडला जातो, म्हणून दोन्ही.

२१. पोरांना घेऊन बारव साफ करायचीय.

कौतुक आहे, पण आधी ती कुणाच्या मालकीची आणि संरक्षित आहे का बघा. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढं २०० मीटर परवानगीनं, हेही ग्रामपंचायतीला माहीत असू द्या. गाळ काढाल तो ट्रॉलीनं रस्त्यावर पसरू नका, बाजूला ढीग करून चाळा, काही निघालं तर प्रश्न १०. पिंपळाची मुळं ओढून काढू नका, दगड सोबत येतात, कापा. अॅसिड नको, सिमेंट नको, आणि उद्घाटनाची संगमरवरी पाटी कोनाड्यात बसवू नका, ती बाहेर लावा.

२२. आम्ही काढलेला निष्कर्ष गावाला आवडला नाही तर?

हे होतंच. गाव म्हणतं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, तुम्ही म्हणता बारावं शतक. दोन्ही लिहा, वेगवेगळ्या मथळ्याखाली. गावची कथा खोडायला जाऊ नका, तीसुद्धा इतिहासाचा ऐवज आहे, फक्त वेगळ्या जातीचा. पण गावाला बरं वाटावं म्हणून साल मागं ढकलू नका. दर्गा आणि देऊळ, हद्द आणि मान असले वाद चालू असतील तर चालू वादात कागद घेऊन उडी मारू नका, तुमचा अर्धवट वाचलेला लेख दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी भाषणात निघतो.

२३. वीरगळ एका घरात धुणं धुवायचा दगड झालाय. तिथं "हलवू नका" कसं लागू होतं?

तो आधीच हललेला आहे, त्यामुळं तिथं नियम थोडा वाकतो. पण रीत तीच: फोटो, माप, कुठनं आणला हे घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाकडनं, आणि घरच्यांची राजीखुशी. अक्कलकोट रस्त्याच्या एका गावात आजी म्हणाल्या, सासूबाई यावरच धुवायच्या, ओढ्यातनं आणलाय, देणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. आम्ही पुढच्या रविवारी टेम्पोत घालून एक जाड शहाबादी फरशी नेली, ती बसवून दिली, तेव्हा त्यांनी जुना दगड उचलू दिला. आता तो त्याच अंगणात भिंतीला टेकून सुलटा उभा आहे, खालच्या चौकटीतला घोडा अजून ओळखू येतो. नवीन फरशीला उतार नीट नाही आणि साबण साठतो, अशी आजींची तक्रार मात्र दर फोनला असते.